ऊसतोड कामगार शेतीत की उद्योगात? आर्थिक क्षेत्रांविषयी वाचकांचे प्रश्न

राज्याच्या आर्थिक पाहणीविषयी या सदरात लिहिले, तेव्हा शेती, उद्योग आणि सेवा या तीन क्षेत्रांच्या वाट्यांचा उल्लेख आला होता. त्यावर आलेल्या पत्रांपैकी बहुतेकांत एखादे काम नेमके कोणत्या क्षेत्रात धरायचे, अशी शंका आहे. त्यांतील निवडक पत्रांना येथे उत्तरे देत आहे.

प्रश्न : मी माध्यमिक शाळेत भूगोल शिकवते. शेती हा प्राथमिक, साखर कारखाना हा द्वितीयक आणि वाहतूक हा तृतीयक व्यवसाय, असे फळ्यावर लिहिल्यावर एका विद्यार्थ्याने विचारले की, त्याचे आईवडील ऊसतोडीला जातात, उचल, म्हणजे हंगामाआधीची आगाऊ रक्कम, मुकादमाच्या हातून मिळते, पण पैसा कारखान्याचा असतो. मग ते कारखान्याचे कामगार ठरतात की शेतीतले? त्याला काय सांगावे? (शिक्षिका, श्रीरामपूर)

उत्तर : आपल्या विद्यार्थ्याने पाठ्यपुस्तकातील तक्त्याच्या सर्वांत नाजूक जागेवर बोट ठेवले आहे, म्हणून या प्रश्नाला अधिक जागा देत आहे. थेट उत्तर असे की, ऊसतोड हे काम शेतीत, म्हणजे प्राथमिक क्षेत्रात मोडते. भारतात सध्या आर्थिक आकडेवारीसाठी प्रामुख्याने 2008 चे राष्ट्रीय औद्योगिक वर्गीकरण वापरले जाते. ते संयुक्त राष्ट्रांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणावर आधारलेले असून त्यात एकूण 21 विभाग आहेत. त्यांपैकी पहिला विभाग शेती, वनीकरण व मासेमारी यांचा आहे. ऊस पिकवणे हे वर्ग क्रमांक 0114 मध्ये येते, मोबदला घेऊन किंवा कंत्राटावर पीक कापून देणे 0161 मध्ये येते, आणि उसापासून साखर किंवा गूळ तयार करणे 1072 मध्ये, म्हणजे वस्तुनिर्माणात येते. फडात कोयता चालतो तेथवर शेती असते आणि कारखान्याच्या गव्हाणीत, म्हणजे ऊस गाळपाकडे नेणाऱ्या पट्ट्यावर, ऊस पडला की उद्योग सुरू होतो. या दोहोंमधील रस्ता कंत्राटदाराच्या ट्रॅक्टर-ट्रॉलीने पार केला असेल, तर तो भाग मालवाहतुकीत, म्हणजे सेवाक्षेत्रात धरला जातो.

विद्यार्थ्याचा खरा आक्षेप मात्र पैशाविषयी आहे आणि त्याचे उत्तर द्यायलाच हवे. उचल कारखान्याकडून निघते, टोळीची जुळवाजुळव मुकादम करतो, तोडणीचा कार्यक्रम कारखान्याचा शेती विभाग ठरवतो. असे असताना हे कामगार कारखान्याचे का नाहीत? याचे कारण असे की, क्षेत्र ठरवताना पैसे कोणी दिले हे पाहिले जात नाही, तर कोणती क्रिया घडली हे पाहिले जाते. उसाचा रास्त व किफायतशीर दर, म्हणजे एफआरपी, हा कारखान्याच्या दारात पोहोचलेल्या उसाचा असतो आणि महाराष्ट्रात तोडणी व वाहतुकीचा खर्च शेतकऱ्याच्या बिलातून वजा होतो. म्हणजे कारखाना पुढे होऊन पैसा मोजत असला, तरी अखेरीस तो खर्च पिकाच्या काढणीचा म्हणून शेतकऱ्याच्याच खात्यावर पडतो. आर्थिक क्रिया म्हणून पाहिल्यास वर्गीकरणाचा निर्णय बरोबर आहे.

येथे एक गोष्ट मी आग्रहाने सांगू इच्छितो. ऊसतोड शेतीत मोडते, याचा अर्थ कारखान्याची या माणसांविषयी काहीच जबाबदारी नाही, असा मुळीच होत नाही. नवराबायकोची जोडी मिळून ‘एक कोयता’ धरला जातो, बीड, जालना, अहिल्यानगरसारख्या जिल्ह्यांतून ही कुटुंबे गाळप हंगामात चार-सहा महिने कोप्यांमध्ये, म्हणजे तात्पुरत्या झोपड्यांत, राहतात आणि मजुरी टनावर ठरते. मालक कोण, हा कामगार कायद्याचा प्रश्न आहे. सांख्यिकीचा क्रमांक दाखवून तो निकालात काढता येत नाही. दुर्दैवाने ‘हे तर शेतमजूर’ असे म्हणून तो निकालात काढला जातो, हे मी अनेकदा ऐकले आहे.

याच उदाहरणातून विद्यार्थ्यांना आणखी एक फरक दाखवता येईल. कारखान्याच्या स्वतःच्या नोकरीत असलेला वाहनचालक दिवसभर गाडी चालवत असला, तरी त्याचा रोजगार वस्तुनिर्माण उद्योगात मोजला जातो, कारण त्याची आस्थापना साखर तयार करते. माणूस कोणते काम करतो याची नोंद व्यवसायांच्या वेगळ्या वर्गीकरणात होते, आणि तो ज्या आस्थापनेत काम करतो ती काय निर्माण करते याची नोंद औद्योगिक वर्गीकरणात होते. आता समजा, त्याच कारखान्याने पहारेकरी, सफाई कामगार आणि उपाहारगृहातील स्वयंपाकी यांना कमी करून ती कामे बाहेरच्या कंत्राटदारांना दिली. माणसे तीच राहिली, फाटकही तेच राहिले, पण उद्योगातील रोजगार तेवढ्याने घटला आणि सेवाक्षेत्रातील रोजगार तेवढ्याने वाढला. सेवाक्षेत्र झपाट्याने वाढल्याचे आकडे वाचताना त्यातील काही वाढ अशी कागदावर सरकलेली असू शकते, हे लक्षात ठेवावे लागते.

प्रश्न : स्पर्धा परीक्षेच्या एका पुस्तकात खाणकाम प्राथमिक क्षेत्रात दिले आहे, तर दुसऱ्यात ते उद्योग क्षेत्रात आहे. दोन्ही पुस्तके सरकारी आकडेवारीचा हवाला देतात. बरोबर कोणते? (परीक्षार्थी, पुणे)

उत्तर : दोन्ही बरोबर आहेत, आणि हवालेही खरे आहेत. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या जीडीपीविषयक पत्रकांत प्राथमिक, द्वितीयक व तृतीयक अशी विभागणी केली जाते, तेव्हा खाणकाम शेतीसोबत प्राथमिक क्षेत्रात बसते. केंद्राच्या आर्थिक पाहणीत मात्र शेती व संलग्न क्षेत्रे, उद्योग आणि सेवा अशी विभागणी असते आणि तेथे खाणकाम उद्योगात येते. औद्योगिक उत्पादन निर्देशांकाच्या 2011-12 या पायाभूत वर्षाच्या मालिकेत खाणकामाला 14.37 टक्के भार दिला होता, तोही त्याला उद्योग मानूनच. म्हणून ‘प्राथमिक क्षेत्र’ आणि ‘शेती व संलग्न क्षेत्रे’ हे शब्द एकमेकांच्या जागी वापरू नयेत. प्रश्नपत्रिकेत यांपैकी कोणती मांडणी विचारली आहे, ते आधी पाहावे.

मतभेदामागचे कारण समजले की पाठांतराची गरज उरत नाही. निसर्गातून वस्तू सरळ उचलणे ही कसोटी लावली, तर चंद्रपूरचा कोळसा आणि गोव्याचे लोहखनिज हे मासळी व लाकूड यांच्या शेजारी बसतात. भांडवल, यंत्रे, पाळ्यांमध्ये चालणारे काम आणि कामगारांची रचना ही कसोटी लावली, तर खाण कारखान्याच्या शेजारी जाते. न्यूझीलंडचे अर्थतज्ज्ञ ॲलन फिशर यांनी 1935 मध्ये आणि कॉलिन क्लार्क यांनी 1940 मध्ये ही त्रिभागणी रूढ केली, तेव्हा त्यांना अर्थव्यवस्था प्रगत होत जाते तशी माणसे आणि भांडवल कोठून कोठे सरकतात, हे पाहायचे होते. त्या कामासाठी ढोबळ कप्पे पुरेसे होते. एकेका धंद्याची नोंद घ्यायची असेल, तर ढोबळ कप्प्यांच्या कडा टोचू लागतात.

अशा कडांवरील काही नोंदी पाहण्यासारख्या आहेत. विदर्भातील जिनिंग-प्रेसिंगच्या आवारात मोठी यंत्रे, शेड आणि मजूर असतात आणि गावकरी त्याला कारखानाच म्हणतात. तरीही कापसापासून सरकी वेगळी करणे आणि रुईच्या गाठी बांधणे हे 2008 च्या वर्गीकरणात पीक काढणीनंतरची कामे म्हणून शेती विभागात, वर्ग 0163 मध्ये आहे. सूतगिरणी सुरू झाली की मगच वस्तुनिर्माण सुरू होते. मात्र उद्योगांच्या वार्षिक पाहणीत जिनिंगचा समावेश केला जातो, कारण ते काम कारखान्यांच्या नोंदवहीत असलेल्या आस्थापनांत चालते. याच्या अगदी उलट स्थिती कोकणच्या किनाऱ्यावर दिसते. समुद्रातून बोंबील धरणे ही मासेमारी, म्हणजे प्राथमिक क्रिया, पण तेच बोंबील कोळी स्त्रिया वलांडीवर उन्हात सुकवू लागल्या की ती मासळी टिकवण्याची प्रक्रिया म्हणून वस्तुनिर्माणात, वर्ग 1020 मध्ये जाते. आणि सुके बोंबील टोपलीत भरून बाजारात विकायला बसले की ती किरकोळ व्यापाराची सेवा होते. एका कुटुंबाच्या एका आठवड्याच्या कामात तिन्ही क्षेत्रे आली. मिठागरांचेही असेच आहे. खाडीच्या पाण्याचे बाष्पीभवन करून मीठ काढणे हे शेतीत नाही, कारखान्यातही नाही, तर खाणकामाच्या विभागात धरले जाते.

प्रश्न : माहिती तंत्रज्ञान आणि संशोधन यांसाठी ‘चतुर्थक’ असे वेगळे क्षेत्र सरकारी आकडेवारीत आहे काय? (विद्यार्थी, नागपूर)

उत्तर : नाही. ज्ञान, माहिती आणि संशोधन यांवर आधारलेल्या सेवांना चतुर्थक म्हणण्याची पद्धत भूगोलात आहे आणि अभ्यासासाठी ती उपयोगीही आहे. राष्ट्रीय औद्योगिक वर्गीकरणात मात्र माहिती व संपर्क हा सेवांमधीलच एक विभाग आहे, आणि वैज्ञानिक संशोधन व्यावसायिक व तांत्रिक सेवांच्या विभागात येते.

प्रश्न : आमचा साखर कारखाना सहकारी आहे आणि त्यात राज्य सरकारचे भागभांडवल आहे. तो सार्वजनिक क्षेत्रात धरावा की खासगी? तो संघटित क्षेत्रात आहे, असेही म्हणतात. मग तो एकाच वेळी किती क्षेत्रांत आहे? (सभासद शेतकरी, सांगली जिल्हा)

उत्तर : ‘क्षेत्र’ हा शब्द आपण तीन वेगवेगळ्या प्रश्नांच्या उत्तरांसाठी वापरतो, त्यामुळे हा गोंधळ होतो. काय निर्माण होते, या प्रश्नाचे उत्तर प्राथमिक, द्वितीयक किंवा तृतीयक असे येते. मालकी व नियंत्रण कोणाचे, याचे उत्तर सार्वजनिक, खासगी किंवा सहकारी असे येते. रोजगाराच्या अटी आणि आस्थापनेची नोंद कशी आहे, याचे उत्तर संघटित किंवा असंघटित असे येते. प्रत्येक आस्थापनेला तिन्ही प्रश्न स्वतंत्रपणे विचारायचे असतात आणि एकाच्या उत्तरावरून दुसऱ्याचे उत्तर काढायचे नसते. एअर इंडिया जानेवारी 2022 मध्ये सरकारकडून टाटा समूहाकडे गेली, तेव्हा ती सार्वजनिक क्षेत्रातून खासगी क्षेत्रात आली, पण हवाई वाहतूक ही सेवा राहिली आणि कंपनी संघटित क्षेत्रातच राहिली. जुलै 1969 मध्ये 14 बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले, तेव्हा हाच बदल उलट दिशेने झाला होता.

आपला कारखाना वस्तुनिर्माण करतो, म्हणून तो द्वितीयक क्षेत्रात आहे. मालकीच्या दृष्टीने तो सभासदांचा आहे आणि सहकारी म्हणून वेगळा ओळखला जातो. सरकारचे भाग असले, एवढ्यानेच तो सार्वजनिक होत नाही. निर्णयांवर नियंत्रण कोणाचे, ही कसोटी असते, आणि येथे ते कायद्याने सभासदांनी निवडलेल्या संचालक मंडळाकडे असते. प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी सहकारी साखर कारखान्याचा जो पाया घातला, त्याचे मर्मच ऊस पिकवणाऱ्याला प्रक्रियेतील मालकी मिळावी, हे होते. प्राथमिक क्षेत्रातील माणसाने संघटित होऊन द्वितीयक क्षेत्रातील मूल्यवृद्धीवर हक्क सांगितला, आणि महाराष्ट्राच्या ग्रामीण अर्थकारणात याच्याएवढे मोठे पाऊल दुसरे पडले नाही, असे माझे मत आहे.

संघटित क्षेत्राविषयी मात्र सावध राहावे. 1948 च्या कारखाने कायद्याने वीज वापरणाऱ्या ठिकाणी 10 आणि वीज न वापरणाऱ्या ठिकाणी 20 कामगारांची मर्यादा घातली होती, आणि संघटित उद्योगाची आपली कल्पना बरीचशी तिच्यावरच उभी राहिली. असंघटित क्षेत्राविषयी अर्जुन सेनगुप्ता यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या आयोगाने नंतर हे स्पष्ट करून दाखवले की, संघटित क्षेत्रातील आस्थापनेत काम करणारा माणूसही भविष्यनिर्वाह निधी, रजा किंवा नोकरीची शाश्वती यांवाचून असू शकतो. म्हणून असंघटित क्षेत्र आणि असंघटित कामगार या दोन कल्पना वेगळ्या मोजायला हव्यात. आपल्या कारखान्यातील हंगामी आणि कंत्राटी कामगारांची यादी समोर घेतली, तर हा फरक आपल्याला तेथेच दिसेल.

प्रश्न : मी पहाटे उठून दोन म्हशींचे करते, सरपण आणते, परसात भाजी लावते, स्वयंपाक करते आणि अंथरुणाला खिळलेल्या सासूबाईंची सेवा करते. सर्वेक्षणाला आलेल्या मुलीने माझ्यापुढे ‘घरकाम’ लिहिले. मी कोणत्याच क्षेत्रात नाही का? (गृहिणी, चिपळूण तालुका)

उत्तर : ताई, आपल्या पत्रातील प्रत्येक कामाचे उत्तर वेगळे आहे, म्हणून ती एकेक करून पाहू. म्हशी पाळणे आणि दूध काढणे ही पशुपालनाची, म्हणजे प्राथमिक क्षेत्रातील आर्थिक क्रिया आहे. दूध डेअरीला घातले तरी ती आर्थिक आहे आणि घरीच वापरले तरी आहे, कारण घरच्या वापरासाठी केलेले वस्तूंचे उत्पादनसुद्धा राष्ट्रीय उत्पन्नात धरले जाते. म्हशींची नोंद यजमानांच्या नावावर असली, तरी आपण तेथे नियमित राबत असाल, तर श्रमबल सर्वेक्षणात ‘कौटुंबिक उद्योगातील मदतनीस’ म्हणून आपली नोंद कामगारांत व्हायला हवी. सर्वेक्षणास आलेल्या मुलीने म्हशींविषयी विचारले नसेल, तर आपण स्वतःहून सांगावे. सरसकट ‘घरकाम’ असे लिहून घेतल्यामुळे गावोगावच्या स्त्रियांचे शेतीतील काम गळून पडते.

सरपणाच्या बाबतीत तर मला या पद्धतीत उघड विसंगती दिसते. देशात जाळल्या जाणाऱ्या सरपणाचे मूल्य वनीकरणाच्या उत्पादनात धरून राष्ट्रीय उत्पन्नात मिळवले जाते. परंतु केवळ घरासाठी सरपण, चारा किंवा भाजी गोळा करणाऱ्या स्त्रीला श्रमबल सर्वेक्षणात घरकामासोबत अशी कामे करणारी म्हणून वेगळा संकेतांक, 93, मिळतो आणि तिला श्रमशक्तीबाहेर ठेवले जाते. लाकडाची मोळी हिशेबात येते आणि ती डोक्यावरून आणणारी येत नाही. ही दुरुस्ती व्हायलाच हवी, असे मला ठामपणे वाटते.

स्वयंपाक आणि सासूबाईंची सेवा यांविषयीचा नियम सर्वांत कठोर आहे. घरच्या माणसांसाठी घरच्या माणसाने विनामोबदला केलेली सेवा आंतरराष्ट्रीय पद्धतीनुसार उत्पादनाच्या मर्यादेबाहेर ठेवली आहे. हेच काम पगारी मोलकरणीने किंवा परिचारिकेने केले, तर ते सेवाक्षेत्रात मोजले जाते. आपण स्वतःच्या मालकीच्या घरात राहता, तर त्या घराचे अंदाजे भाडेसुद्धा राष्ट्रीय उत्पन्नात धरले जाते, पण त्याच घरात आपण केलेली सेवा धरली जात नाही. 2019 च्या राष्ट्रीय कालवापर सर्वेक्षणानुसार घरातील विनामोबदला कामे करणाऱ्या स्त्रिया त्यांवर दिवसाला सरासरी 299 मिनिटे, तर अशी कामे करणारे पुरुष 97 मिनिटे खर्च करतात. म्हणजे मोजमाप शक्य आहे आणि केलेही गेले आहे, फक्त ते जीडीपीच्या तक्त्याबाहेर ठेवले आहे. 2023-24 मध्ये देशातील सुमारे 46 टक्के कामगार शेतीत होते आणि एकूण मूल्यवृद्धीत शेतीचा वाटा सुमारे 18 टक्के होता, हे आकडे आपण वाचतो, तेव्हा त्या 46 टक्क्यांतही आपल्यासारख्या कित्येक जणी धरलेल्या नसतात, याची जाणीव ठेवूनच ते वाचले पाहिजेत.

प्रश्न : आमचा बचत गट पापड-कुरडया करून विकतो आणि वसतिगृहातील मुलांना पोळी-भाजीचे डबे पुरवतो. कर्जासाठी उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, करायची आहे. तेथे उद्योगाचा संकेतांक विचारतात. आम्ही उत्पादक की सेवा देणारे? (गटाच्या सचिव, लातूर)

उत्तर : आपण दोन्ही आहात आणि नोंदणीत दोन्ही लिहिता येते. पापड-कुरडया टिकतात, साठवता येतात आणि दुसऱ्या गावात नेऊन विकता येतात, म्हणून ते काम खाद्यपदार्थांच्या निर्मितीत, वर्ग 1079 मध्ये जाते. डबा लगेच खाण्यासाठी तयार केलेला असतो आणि ठरलेल्या वेळी पोहोचवला जातो, म्हणून तो भाग 56 ने सुरू होणाऱ्या खाद्यसेवेच्या संकेतांकात येतो. मुख्य क्रिया कोणती, हे ठरवताना केवळ विक्रीची रक्कम पाहू नये. विक्रीतून पीठ, तेल, भाजी, गॅस असा बाहेरून घेतलेल्या वस्तूंचा खर्च वजा केल्यावर गटाच्या कष्टाचे जे मूल्य उरते, ते पापडांत जास्त की डब्यांत जास्त, हे पाहावे. आपल्या वहीत दोन्हींचा जमाखर्च वेगळा ठेवला असेल, तर हे एका बैठकीत कळेल. एखाद्या दुकानातून लोणची आणून तशीच विकत असाल, तर तो व्यापार आहे, त्यासाठी तिसरा संकेतांक लागेल. 1 एप्रिल 2025 पासून यंत्रसामग्रीतील गुंतवणूक अडीच कोटी रुपयांपर्यंत आणि उलाढाल दहा कोटी रुपयांपर्यंत असलेला उद्योग सूक्ष्म गणला जातो, त्यामुळे आपला गट त्या वर्गात सहज बसेल. सरकारी संकेतस्थळावरील या नोंदणीला कोणतेही शुल्क नाही, तेव्हा मध्यस्थाने पैसे मागितल्यास देऊ नयेत.